एकाच मळीत दोन यीस्ट वेगळी का वागतात? वाण पारखण्यापासून जीनोम वाचण्यापर्यंत

उसाच्या मळीपासून अल्कोहोल काढणारी आमची आसवनी, एप्रिलचा दुसरा आठवडा. बाहेर ४२ अंश, कूलिंग टॉवरचं पाणी हाताला कोमट लागत होतं आणि फरमेंटरचा काटा ३७ वर जाऊन बसला होता. वॉशमधलं (आंबत असलेल्या मळीतलं) अल्कोहोल साडेसहा टक्क्यांवर अडकलं, साखर मात्र शिल्लक. रात्रपाळीचा ऑपरेटर म्हणाला, "साहेब, यीस्ट झोपलं."

दुसऱ्या दिवशी तीच मळी मी दोन फ्लास्कमध्ये घेतली. एकात नेहमीचं पाकिटातलं यीस्ट, दुसऱ्यात मागच्या हंगामात फरमेंटरच्या फेसातून वेगळं काढून ठेवलेलं. दोन्ही ३८ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवले. संध्याकाळपर्यंत पहिल्याचे बुडबुडे मंदावले. दुसरा रात्रभर चालू होता. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र दोघांत काही फरक नाही. त्याच अंडाकृती पेशी, बाजूला फुटलेली तीच कळी. नावही एकच: सॅकरोमायसिस सेरेव्हिसी.

हा फरक कुठून येतो आणि तो आपल्या प्रयोगशाळेत कसा शोधायचा, त्याची ही पद्धत. आसवनीतले केमिस्ट आणि सूक्ष्मजीवशास्त्राचे एम.एस्सी.चे विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. एक विनंती आधीच करतो: क्रम उलटा करू नका. प्रोजेक्टला पैसे मिळाले की पोरं पहिल्यांदा डीएनए सिक्वेन्सिंगला पाठवतात, आणि हजारो फरकांची यादी हातात आल्यावर विचारतात, "सर, आता यातलं काय बघायचं?" यीस्ट काय करतं हे आधी मोजा. ते तसं का करतं, हे नंतर.

आधी थोडी ओळख

ऊस लावताना आपण विचारतो, बेणं को ८६०३२ चं आहे की फुले २६५ चं? यीस्टच्या बाबतीत मात्र "यीस्ट टाकलं" एवढ्यावर भागवतो. त्यातही वाण असतात, आणि उसाइतकेच एकमेकांपासून वेगळे.

यीस्टचा जीनोम, म्हणजे पेशीतला सगळा डीएनए, लहान आहे. १६ गुणसूत्रं, सुमारे १ कोटी २० लाख अक्षरं (डीएनएची एकेक कडी म्हणजे एक अक्षर) आणि ६,००० च्या आसपास जनुकं. १९९६ मध्ये तो पूर्ण वाचून झाला. पेशीकेंद्रक असलेल्या सजीवांत हा पहिलाच. तेव्हा वाचलेलं वाण होतं एस२८८सी. ते प्रयोगशाळेत वाढलेलं, मळीशी कधी गाठ न पडलेलं. आजही बहुतेक तुलना त्याच्याशीच होतात, आणि त्यातून होणारा घोटाळा पुढे येईलच.

२०१८ मध्ये जगभरातल्या १,०११ वाणांचे जीनोम एकत्र मांडले गेले. त्यातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. एकेका अक्षराचे फरक संख्येने सर्वांत जास्त असले, तरी गुणधर्मांवर जास्त परिणाम दिसला तो जनुकांच्या प्रतींच्या कमी-जास्त संख्येचा. म्हणून माझा नियम असा की आधी प्रती मोजायच्या, अक्षरं नंतर वाचायची.

पायरी १: एकच गुण निवडा

"चांगलं यीस्ट हवं" हा प्रश्न होत नाही. "३८ अंशांवर, आमच्या बी-हेवी मळीत (सगळी साखर न काढता बाजूला घेतलेल्या मळीत), ४८ तासांत साखर संपवणारं यीस्ट हवं" हा होतो. मराठवाड्यात मी उष्णता सहन करण्याचा गुण सगळ्यांत वर ठेवतो, कारण फरमेंटर थंड ठेवायला पाणी लागतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं, त्या भागात कूलिंगचं पाणी गृहीत धरून वाण निवडणं परवडत नाही. तुमची अडचण वेगळी असू शकते: यीस्ट खाली बसत नाही, फेस फार येतो, दहा टक्क्यांच्या पुढे अल्कोहोल जात नाही. एक निवडा, वहीत लिहा.

पायरी २: वाण गोळा करा आणि शुद्ध करा

किमान तीन प्रकारची वाणं घ्या. एक तुमचं चालू पाकिटाचं. एक ओळख पक्की असलेलं, म्हणजे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या एनसीआयएम या सूक्ष्मजीव संग्रहातून मागवलेलं. आणि काही आपल्या मातीतली. मळीच्या टाकीचा पाझर, गव्हाणीजवळ (ऊस गाळपाला टाकतात तिथं) सांडून आंबलेला रस, देगलूर-बिलोलीकडची शिंदी, किनवटच्या रानातली मोहाची फुलं, हे सगळे चांगले उगम आहेत. गुऱ्हाळातली जुनी काकवी मोहात पाडते, पण तिच्यात दाट साखरेत तग धरणाऱ्या भलत्याच जाती निघतात. झायगोसॅकरोमायसिस काकवीत सुखानं जगेल, अल्कोहोलच्या शर्यतीत मात्र मागे पडेल.

प्रत्येक नमुना ॲगरच्या प्लेटवर रेघाटून सुटी वसाहत (एका पेशीपासून वाढलेला ठिपका) उचला, पुन्हा रेघाटा. असं तीनदा. कंटाळवाणं काम आहे. पण मिश्र नमुन्याचा जीनोम वाचला तर पुढचं सगळं वाया. शुद्ध वसाहत २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवा. ती सोय नसेल तर जवळच्या महाविद्यालयाच्या विभागाला गळ घाला. फ्रिजमधल्या स्लँटवर (तिरप्या ॲगरच्या नळीत) महिनोन् महिने पुढे ढकललेलं यीस्ट हे सुरुवातीचं यीस्ट राहत नाही.

पायरी ३: वजनकाट्यावर आंबवण मोजा

ही पायरी घाईत उरकू नका. यासाठी महागडं यंत्र लागत नाही, दोन दशांशांपर्यंत अचूक तागडी पुरते.

साखर आंबली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि फ्लास्क हलका होतो. ४४ ग्रॅम वायू गेला म्हणजे ४६ ग्रॅम अल्कोहोल तयार झालं. म्हणून घटलेल्या वजनाला १.०४५ ने गुणलं की अल्कोहोलचं वजन मिळतं.

२५० मिलीच्या फ्लास्कमध्ये १०० मिली पातळ केलेली मळी घ्या. आंबणारी साखर आधी मोजा आणि ती १५ ग्रॅम येईल इतपत पाणी घाला. पीएच ४.५ च्या आसपास ठेवा. यीस्ट मोजूनच टाका: मिलीला १ कोटी जिवंत पेशी. त्यासाठी न्यूबावर चेंबर (पेशी मोजायची चौकटी आखलेली काच) आणि मिथिलीन ब्लू हा रंग. निळ्या पडलेल्या पेशी मेलेल्या समजून वगळा. तोंडाला बुडबुड्याचं कुलूप लावा. प्रत्येक वाणाचे तीन फ्लास्क, तेही ३०, ३४, ३८ आणि ४० अंशांवर. शिवाय प्रत्येक तापमानाला यीस्ट न टाकलेला एक फ्लास्क, कारण आपल्या हवेत बाष्पीभवनानंच वजन घटतं. मी पहिल्या वर्षी हा बिनयीस्टचा फ्लास्क ठेवला नव्हता. ४० अंशांवर सगळीच वाणं कमाल दिसली. आठवडाभर खूश होतो.

दर सहा तासांनी फ्लास्क बाहेरून पुसायचा, हलकेच फिरवून विरघळलेला वायू सोडायचा, मग वजन. १५ ग्रॅम साखरेतून जास्तीत जास्त ७.३ ग्रॅमच्या जवळपास वायू निघू शकतो. तुमचा आकडा त्याच्यावर गेला तर यीस्टचं कौतुक करू नका, साखरेची मोजणी पुन्हा करा.

वेळ आडवी आणि घट उभी मांडून आलेख काढा. दोन गोष्टी बघा: पहिल्या १२ तासांतला चढ आणि शेवटी रेघ कुठे सपाट होते. ही दोन वेगळी लक्षणं आहेत आणि त्यांच्यामागची जनुकंही बहुधा वेगळी असतात. झपाट्यानं सुरू होऊन मध्येच बसणारं वाण आणि सावकाश निघून शेवटपर्यंत जाणारं वाण, दोन्ही सापडतील. फ्लास्कमधल्या माझ्या फेसातल्या यीस्टची रेघ दुसऱ्या प्रकारची होती.

पायरी ४: दोन झटपट चाचण्या

पहिली, खाली बसण्याची. यीस्ट ईडीटीएच्या (कॅल्शियम पकडणाऱ्या रसायनाच्या) द्रावणात धुवा म्हणजे गुठळ्या सुटतील. मग साध्या पाण्यानं धुवून एका नळीत कॅल्शियम क्लोराइड घाला, दुसरीत घालू नका. कॅल्शियम घातलेल्या नळीत दोन-चार मिनिटांत दह्याच्या पाण्यासारखे कण फुटून तळाला गेले, तर वाण खरंच गुठळ्या बांधणारं. दोन्ही नळ्यांत सारखंच हळूहळू बसलं तर पेशी फक्त जड आहेत.

दुसरी, श्वसन गमावलेल्या पेशींची. मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा छोटा डीएनए असतो. उष्णता आणि अल्कोहोलच्या माऱ्यात तो बिघडतो किंवा जातोच. अशा वसाहती लहान राहतात. प्लेटवर टीटीसी हे रसायन मिसळलेला ॲगरचा थर ओता: धड पेशींच्या वसाहती लाल होतात, या पांढऱ्या राहतात. ग्लिसरॉल हेच अन्न दिलं तर या वाढतच नाहीत. हवा देऊन यीस्ट वाढवायच्या टाकीत अशा पेशींचं प्रमाण चढलं की सेल काउंट उठत नाही, आणि आपण उगाच युरिया-डीएपी वाढवत बसतो.

पायरी ५: ओळख पटवा, स्वस्तात

पीसीआर यंत्र, म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणारं, आता मराठवाड्यातल्या विद्यापीठांत आणि काही महाविद्यालयांतही असतं. आयटीएस हा डीएनएचा भाग वाढवून वाचला की जात कळते. वाण ओळखायला इंटरडेल्टा पीसीआर वापरा. यीस्टच्या जीनोममध्ये डेल्टा नावाचे तुकडे विखुरलेले असतात, त्यांच्यामधली अंतरं वाणागणिक बदलतात, आणि जेलवर पट्ट्यांची एक नक्षी उमटते. बोटाच्या ठशासारखी.

ही चाचणी हंगामात महिन्यातून एकदा करा. हंगामाच्या सुरुवातीला, गव्हाणीत मोळी पडली तेव्हा टाकलेलं यीस्ट पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, टाकीत असतंच असं नाही. ब्राझीलमध्ये हे फार आधी लक्षात आलं. तिथं पेशी पुन्हा पुन्हा वापरतात, सल्फ्युरिक ॲसिडनं पीएच २ ते २.५ वर धुतात, आणि बाहेरून टाकलेल्या यीस्टला रानटी यीस्ट काही आठवड्यांत हुसकावून लावतं. मग त्यांनी गुणसूत्रांच्या नक्षीवरून टाकीत टिकून राहिलेली वाणंच शोधून काढली. पीई-२ आणि कॅट-१ ही अशीच कारखान्यातली वाणं, पुढे देशभर वापरली गेली. माझं फेसातलं यीस्ट त्याच तर्कानं उचललेलं होतं.

पायरी ६: जीनोम वाचायला पाठवताना

पायरी ३ मध्ये एकमेकांपासून स्पष्ट वेगळी ठरलेली दोन-तीन वाणंच पाठवा. सरासरी १०० पट खोली मागा, म्हणजे प्रत्येक अक्षर सरासरी शंभरदा वाचलं जाईल. १ कोटी २० लाख गुणिले १०० म्हणजे साधारण १२० कोटी अक्षरं. पीडीएफ अहवालावर समाधान मानू नका, कच्च्या फास्टक्यू फायली (यंत्रानं वाचलेले डीएनएचे तुकडे, म्हणजे वाचनं, जशीच्या तशी) मागून घ्या. आणि शक्य असेल तर फ्लो सायटोमेट्रीनं पेशीतला एकूण डीएनए मोजून घ्या. का, ते आता.

कारखान्यातली यीस्ट बहुधा दुप्पट संचाची असतात (प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती), पावाची पुष्कळदा चौपट, आणि काहींत मधलीच कुठलीतरी संख्या. समजा सगळ्या गुणसूत्रांची खोली १०० आली आणि एकाचीच १५०. वाण दुप्पट संचाचं असेल तर त्या गुणसूत्राच्या तीन प्रती आहेत. पण चौपट संचाचं असेल तर सहा. खोलीचा आकडा फक्त प्रमाण सांगतो, मूळ संख्या सांगत नाही. दुसरा पुरावा अक्षरांच्या वाट्यात असतो: जिथं दोन वेगळी अक्षरं सापडतात तिथं वाटा निम्मा-निम्मा असेल तर दुप्पट संच, एक तृतीयांश-दोन तृतीयांश असेल तर तिप्पट, पाव-पाऊण दिसू लागलं तर चौपट. मात्र वाणाच्या सगळ्या प्रती सारख्याच असल्या तर हा मार्ग बंद होतो, तेव्हा सायटोमेट्रीच कामाला येते.

पायरी ७: फरक कसे वाचायचे

*प्रती.* उसाची साखर फोडणारं इन्व्हर्टेज एसयूसी जनुकांतून बनतं. ही जनुकं गुणसूत्रांच्या टोकांना बसलेली असतात आणि मळीवर पोसलेल्या वाणांत त्यांच्या बऱ्याच प्रती सापडतात. आता एस२८८सीचा घोटाळा. त्याच्याकडे एसयूसी-२ एवढं एकच आहे. तुमच्या वाणातली सगळी भावंडं जवळजवळ सारखी असल्यानं त्यांची अक्षरं त्या एकाच जागी येऊन साचतात. दुप्पट संचाच्या वाणात तिथं खोली १०० ऐवजी ४०० दिसली, तर एकूण आठ प्रती आहेत असा अंदाज बांधा. त्या कुठल्या टोकांवर बसल्या आहेत हे मात्र यातून कळणार नाही.

ब्राझीलच्या इंधन-अल्कोहोल वाणांत २००९ मध्ये असंच काही सापडलं: बी-१ आणि बी-६ जीवनसत्त्वं बनवण्याशी संबंधित एसएनओ आणि एसएनझेड जनुकांच्या वाढलेल्या प्रती. भरपूर साखर असताना बी-६ कमी पडलं तर या पेशी त्यामुळे पुढे राहतात. अल्कोहोलच्या कारखान्यात जीवनसत्त्वाचं जनुक महत्त्वाचं ठरेल हे कुणी टेबलावर बसून सांगितलं नसतं.

*एक अक्षर.* प्रतींना मान दिला तरी एकटं अक्षर कधी कधी सगळा कारभार उलटवतं. एस२८८सी गुठळ्या बांधत नाही, कारण त्याच्या एफएलओ-८ या नियंत्रक जनुकात एका अक्षराच्या बदलानं मध्येच पूर्णविराम आला आहे. गुठळ्यांची जनुकं शाबूत, त्यांना जागं करणारं मुकं.

*पुनरावृत्ती.* एफएलओ-१ या गुठळीच्या जनुकाच्या पोटात सुमारे १३५ अक्षरांचा एक तुकडा ओळीनं पुन्हा पुन्हा येतो. तुकडे जास्त तितकी पकड घट्ट. पेशी विभागताना हे तुकडे सहज वाढतात किंवा गळतात. म्हणूनच खाली बसण्याचा गुण एका हंगामात बदललेला दिसतो आणि आपण मळीला दोष देतो. १५० अक्षरांच्या छोट्या वाचनांतून हे तुकडे मोजता येत नाहीत. लांब वाचन करणारं नॅनोपोर तंत्र हवं, किंवा त्या भागाचा साधा पीसीआर करून पट्टीची लांबी बघा. दुसरं स्वस्त आहे आणि पुरतं.

*परकी भर.* लागर बिअरचं यीस्ट तर दोन जातींचा संकर: सेरेव्हिसी आणि थंडी मानवणारी युबायानस. ही दुसरी जात २०११ मध्ये पॅटागोनियाच्या जंगलात सापडल्याचं प्रसिद्ध झालं. आपल्या कामाला तिचा उपयोग नाही. पण तुमच्या वाणातली बरीच वाचनं एस२८८सीवर बसतच नसतील, तर ती कचऱ्यात टाकू नका. त्यांची वेगळी जुळणी करून बघा.

पायरी ८: उष्णतेचं जनुक शोधताना सावध

"उष्णता सहन करणारं जनुक सापडलं" असं कुणी म्हणालं की मी खुर्ची ओढून बसतो. २००२ मध्ये चढ्या तापमानावर वाढणारं एक वाण आणि न वाढणारं एक वाण यांचा संकर करून कारण शोधलं, तर एकाच ठिकाणी शेजारी-शेजारी तीन जनुकं निघाली: एमकेटी-१, ईएनडी-३ आणि आरएचओ-२. त्यातली दोन चांगली रूपं बळकट वाणाकडून, तर एक चक्क कमजोर वाणाकडून आलेलं.

दुसरीकडे २०१४ मध्ये यीस्टला ४० अंशांच्या आसपास पिढ्यान् पिढ्या वाढवल्यावर ईआरजी-३ हे एक जनुक निकामी झालेलं दिसलं. त्यामुळे पेशीच्या आवरणातला एर्गोस्टेरॉल हा घटक बदलून उष्णता सोसवू लागली. मात्र तीच यीस्ट नेहमीच्या तापमानाला मूळ वाणापेक्षा मागे पडली. उन्हाळ्यासाठी घडवलेलं यीस्ट डिसेंबरात वापरू नका, एवढं यातून घ्या.

म्हणून तुमच्या दोन वाणांतला फरक सापडला की त्याला "संशयित" म्हणा. तो आणखी चार-पाच उष्णता सोसणाऱ्या वाणांत आहे का, हे पीसीआरनं बघा. जमल्यास दोन वाणांचा संकर करून पिल्लांत गुण आणि फरक बरोबर जातात का ते तपासा. पण कारखान्यातली वाणं बीजाणू नीट देत नाहीत, त्यामुळे इथं वर्ष जाऊ शकतं. जनुकात थेट बदल करून पुरावा द्यायचा असेल, तर जनुकीय बदल केलेल्या सजीवांबाबतच्या १९८९ च्या नियमांनुसार संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी आधी घ्या.

पायरी ९: वाण सुधारायचं असेल तर

परवानगीच्या भानगडीत न पडता होणारा मार्ग म्हणजे सरावाने निवड. तुमच्याच मळीत, ३८ अंशांवर, रोज एकास शंभर या प्रमाणात नव्या फ्लास्कमध्ये यीस्ट टाकत राहा. शंभरपट वाढायला साडेसहाच्या वर पिढ्या लागतात, म्हणजे महिन्याला दोनशेच्या आसपास. अर्धा अंश चढवायचा, तो मानवला की पुढचा. दर आठवड्याला एक नमुना उणे ८० ला ठेवा. महिन्यानंतर पहिला आणि शेवटचा नमुना शेजारी-शेजारी ठेवून पायरी ३ पुन्हा करा, ३० अंशांवर सुद्धा. काय कमावलं आणि काय घालवलं ते त्या दोन रेघांत दिसेल.

बाटलीवर तारीख, तापमान आणि कितवा फेरा हे पेन्सिलीनं लिहा. मार्करची शाई अल्कोहोलच्या हातानं पुसली जाते. आमच्या फ्रीजरमध्ये एका वर्षाच्या अकरा बाटल्या अजून तशाच, बिननावाच्या पडून आहेत.